माळवदाचा वाडा दुरुस्त करताना: आधी ओझे उतरवा

मराठवाड्यातला जुना वाडा दुरुस्तीला काढला की पहिला खर्च हमखास दर्शनी भिंतीवर होतो. खरे दुखणे डोक्यावर असते. दरवर्षी मृगाआधी माळवदावर, म्हणजे तुळयांवर माती पसरलेल्या सपाट छपरावर, पांढऱ्या मातीचा नवा थर पडतो, जुना खरवडत कोणीच नाही. पिढ्यान्‌पिढ्या असे चालले की माळवद दोन-दोन फूट जाड होते. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर दर 10 सेंटीमीटर माती म्हणजे साधारण दीड टन, पाऊस मुरला की आणखी जास्त. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात घात केला तो याच जड माळवदांनी आणि चिखलात रचलेल्या दगडी भिंतींनी.

पन्हळीजवळ किलचनापर्यंत (मातीखालच्या लाकडी पट्ट्यांपर्यंत) खड्डा घेऊन थर मोजा. तुळयांना खालून टेकू दिल्यावरच माती काढायची, तीही सगळीकडून सारखी, आणि लगेच खाली उतरवायची. कडेला ढीग केला की सगळा भार एकाच तुळईवर येतो. 20 सेंटीमीटर माती पुरते. तिच्याखाली जाड प्लॅस्टिक अंथरा आणि पन्हळीकडे मीटरमागे 2 सेंटीमीटर उतार ठेवा.

खांब वरून धडधाकट दिसला तरी तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) टेकलेला पाय तपासा. ठोकल्यावर बद्द वाजला आणि आर (टोकदार लोखंडी खिळा) सहज आत गेली, तर तो कुजलाय. अख्खा खांब बदलायला सांगणारा सुतार बहुधा स्वतःचा वेळ वाचवत असतो. जॅकने तुळई नुसती तोलून धरा. सूतभर जास्त उचलली तरी वरची भिंत तडकते. निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून मुरलेल्या सागाचा तुकडा अर्ध्यावर अर्धा सांधा करून (दोन्ही टोके अर्ध्या जाडीची कापून एकमेकांवर बसवून) दोन बोल्टांनी जोडा. सांधा खांबाच्या जाडीच्या दुप्पट तरी लांब हवा.

भिंतीने पोट काढले असेल, तर तिचे आतले-बाहेरचे पदर सुटे झालेत. थोडेच फुगले असेल तर मीटर-मीटरवर आरपार भोक पाडून, दोन्ही टोकांना आकडा केलेली सळई घालून काँक्रीट भरा. जास्त असेल तर तेवढा भाग उतरवून पुन्हा रचणेच बरे.

सिमेंट फक्त तेवढ्यापुरते. गिलाव्याला नको: जमिनीतून चढलेली ओल त्यामागे कोंडते, सांध्यातली माती मऊ पडते, भिंतीतली तुळईची टोके कुजतात. गिलावा चुन्याचाच करा: 1 भाग मुरवलेला चुना, 3 भाग चाळलेली वाळू. ओलीच्या जागी थोड्या वाळूऐवजी सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड. एक थर 10-12 मिलिमीटरचाच. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो आणि त्याला ओलावा लागतो. म्हणून आठवडाभर ओले गोणपाट लावून ठेवा. हे काम दिवाळीनंतर काढावे. एप्रिल-मेच्या उन्हात थर वाळतो, पण बोट फिरवले की भुकटी हाताला येते.