बाहेरून आलेली दोन ॲप

सीताबर्डीतील माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी, वन विभागातून निवृत्त झालेले एक काका मुलाला घेऊन आले. आदल्या रात्री गाडीच्या दंडाची पावती म्हणून त्यांना व्हॉट्सॲपवर एक एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये थेट ॲप बसवणारी फाइल, आली होती. ती उघडताना फोनने जे जे विचारले त्याला त्यांनी होकार दिला आणि पहाटेपर्यंत खात्यातून १८,००० रुपये गेले. संदेश वाचण्याची परवानगी त्या ॲपला मिळालेली असल्यामुळे बँकेचे ओटीपी परस्पर भामट्यांच्या हाती पडत होते.

मी आधी सिम काढले, वाय-फाय बंद केले आणि मुलाला त्याच्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवायला लावली, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरू लागले की ते अडवणे फार कठीण होते. त्या ॲपचे चिन्ह पडद्यावर कुठेच दिसत नव्हते. सेटिंग्जमधील यादीत मात्र ते सापडले. त्याच यादीत प्ले स्टोअरबाहेरून आलेले आणखी एक ॲप होते, ते म्हणजे एफ-ड्रॉइड या ॲपच्या भांडारातून घेतलेले ऑर्गॅनिक मॅप्स, इंटरनेटशिवाय चालणारा नकाशा.

फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू करावा लागणार होता. मुलगा म्हणाला, "भाऊ, आता बाहेरचं काहीच टाकू नका." काका हळूच म्हणाले, "पेंचमध्ये रेंज नसते. तिथे तोच नकाशा कामी येतो."

मुलाचा संताप रास्त होता. बहुतेक गिऱ्हाइकांना मीही प्ले स्टोअरवरच राहा असे सांगतो आणि यापुढेही सांगेन. पण तिथे ठेवलेले सारे निर्धोक असते असे मला म्हणवत नाही. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात कर्ज देणारी २,२०० हून अधिक फसवी ॲप प्ले स्टोअरवरून काढावी लागली होती. उलट, ऑगस्ट २०२४ मध्ये ऑर्गॅनिक मॅप्स हे निरुपद्रवी ॲपही तिथून काही काळ हटवले गेले होते, आणि तेव्हा ज्यांनी ते एफ-ड्रॉइडवरून घेतले होते त्यांचे काही अडले नाही. २०१० पासून चालू असलेल्या या भांडारात मुक्त स्रोत, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही पाहता येतो अशी, ॲपच ठेवली जातात आणि त्यांतली बहुतेक उघड्या स्रोतावरून तिथेच तयार केली जातात. व्हॉट्सॲपवर अनोळखी क्रमांकावरून आलेल्या फाइलमागे असे कोणीच उभे नसते. दोन्ही ॲप बाहेरचीच, पण त्यांना एकाच तराजूत तोलणे मला पटले नाही.

पूर्वी बाहेरची ॲप टाकू देणारे 'अनोळखी स्रोत' असे एकच बटण संपूर्ण फोनसाठी असे. २०१७ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते. मी मुलाला शेजारी बसवून व्हॉट्सॲप, ब्राउझर आणि फाइल मॅनेजर यांची परवानगी बंद असल्याचे दाखवले. एफ-ड्रॉइड त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून त्याची तेवढी परवानगी चालू ठेवली. बँकेचे ॲप प्ले स्टोअरवरूनच घेतले. नकाशा घ्यायचा की नाही, हे मी काकांवर सोडले.

त्यांनी तो स्वतःच्या बोटाने उतरवला, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाचे नकाशे साठवून घेतले आणि इंटरनेट बंद करून पेंचमधील सिल्लारीचा रस्ता मुलाला दाखवला.