जीपच्या काचेची चौकट

आज इंदूरला देवास नाक्याजवळच्या गॅरेजमध्ये आमच्या जुन्या जीपची पुढची काच उतरवली, तेव्हा रबराखाली दडलेला गंज उघडा पडला. रबर कडक होऊन चिरले की पावसाचे पाणी चौकटीच्या खाचेत साचते, आणि वरचा रंग शाबूत दिसत असतानाच पत्रा आतून कुजत जातो. मिस्त्रींनी पेचकस टेकवताच तो पापडासारखा फुटला. नवी चौकट बाजारात मिळते, परंतु मूळ चौकट वाचत असेल तर ती वाचवावीच, असे माझे ठाम मत आहे. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजून घेतले, कारण चौकट किंचित तिरकी झाली तरी ताण येऊन काचेला तडा जाऊ शकतो. उद्या झिंक प्रायमर, मग रंग आणि नवे रबर.