क्लच सुटत नव्हता, पण प्लेट ठीक होती

जीप सीजे-३बी, तीन गिअरची. रिव्हर्स टाकला की करकर, आणि पेडल तळाला टेकवूनही पहिल्या गिअरमध्ये गाडी पुढे सरकायची, म्हणजे क्लच इंजिनपासून नीट सुटत नव्हता. बघणारा प्रत्येक जण म्हणायचा, क्लच प्लेट गेली. मला ते पटेना. प्लेट झिजली तर क्लच घसरतो. शिवाय क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची बोटं (लिव्हर) त्यांना ढकलणाऱ्या बेअरिंगकडे येतात, म्हणजे पेडलचा प्ले (जोर लागण्याआधीची मोकळी हालचाल) उलट कमी होतो. इथे तो वाढला होता. असायला हवा साधारण एक इंच, पण निम्मं पेडल नुसतं हवेत जात होतं. हालचाल वाटेत कुठेतरी गळत होती.

चाकांना ओंडके लावले, इंजिन बंद ठेवलं, पेडल दाबायला एकाला वर बसवलं आणि मी खाली गेलो. या गाडीत हायड्रॉलिक काही नाही. पेडल, रॉड, क्रॉस शाफ्ट (आडवा फिरणारा दांडा), छोटी केबल, फोर्क (बेअरिंग ढकलणारा काटा), एवढाच मार्ग. प्रत्येक सांध्यावर खडूची रेघ मारली आणि हळू दाबायला सांगितलं. रॉड हलला तरी शाफ्ट गप्प: दोघांना जोडणाऱ्या क्लेविस पिनला खाच पडलेली, शाफ्टच्या लिव्हरचं भोक लांबट झालेलं. पुढे शाफ्ट फिरण्याआधी वर उचलला जात होता, कारण त्याच्या टोकाचा बॉल स्टड (गोल डोक्याचा टेकू) चपटा झालेला आणि फेल्टचं (नमद्याचं) पॅकिंग गायब. खानापूर-जांबोटीकडची तांबडी माती ग्रीसमध्ये मिसळली की ती पॉलिशपेपरसारखी घासते. फेल्ट म्हणूनच महत्त्वाचं.

केबल आवळून प्ले भरता येतो आणि बरेच जण तेच करतात. मी ते आधी केलं नाही. झीज तशीच वाढत राहते. त्यात केबल जास्त आवळली गेली तर बेअरिंग सतत बोटांवर घासून जळतं आणि चोर्ला घाटाच्या चढाला क्लच घसरायला लागतो.

बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर लिव्हरचं भोक गोल करून बुश (आतली नळी) बसवला. नवी पिन हाताने सरकावी, पण डुलता कामा नये. बॉल स्टड आणि फेल्ट नवे, भरपूर ग्रीस. स्प्लिट पिन जुनी पुन्हा वापरायची नाही.

तरीही क्लच सोडताना धडधड राहिली. ती इंजिनच्या स्टे केबलची. पेडल दाबल्यावर इंजिन पुढे ढकललं जाऊ नये म्हणून ती असते. इथे लोंबत होती. फक्त ताठ होईल इतकीच आवळली, जास्त ओढली की इंजिन माउंटिंगवर ताण येतो. नवं माउंटिंग टाकण्याआधी ही केबल बघाच.

सेटिंग सगळ्यात शेवटी: केबलच्या टोकाच्या योकजवळचा (दुपाखी जोडाजवळचा) लॉकनट सैल करून केबल फिरवली, पेडलला एक इंच प्ले ठेवला, नट पक्का केला. मग इंजिन आयडलवर ठेवून पेडल दाबलं, चार-पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाकला. आवाज नाही. यानंतरही करकर उरली असती, तर गिअरबॉक्स उतरवून पायलट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या टोकाला आधार देणारा) आणि प्लेटचे स्प्लाइन (शाफ्टवर सरकणाऱ्या खाचा) तपासावे लागले असते. नवे सांधे थोडे बसतात, म्हणून काही दिवस गाडी चालवल्यावर प्ले पुन्हा मोजायचा.