जकात अधिकाऱ्याला गेलेले पत्र

व्याख्यान संपले की तो प्रश्न येतोच. कधी पहिल्या रांगेतून येतो, कधी चहाच्या वेळी कोणीतरी बाजूला घेऊन विचारतो, आणि हल्ली तर आयोजक आधीच फोनवर विचारून घेतात: "मॅडम, एका वाक्यात सांगा, वॉशिंग्टन मोठा माणूस होता की नाही?" इतकी वर्षे मी या प्रश्नाला एकच ठरलेले उत्तर देत आले की माझा विषय अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हा माणूस नसून त्याचे राष्ट्राध्यक्षपद आहे, आणि माणसाच्या मोठेपणाचा निवाडा करण्यासाठी मी अभ्यास करत नाही. ते उत्तर तुम्हाला पटत नव्हते, हे मला तुमच्या चेहऱ्यांवर दिसत असे. आता ते मलाही पुरत नाही. म्हणून, तुम्ही विचारलेत म्हणून, आणि पुन्हा विचारणार आहात म्हणून, एकदा सविस्तर लिहिते. युद्ध, चेरीचे झाड, डॉलरवरचे चित्र हे तुम्हाला ठाऊक आहेच. ते सोडून देते.

आधी माझी बाजू. अमेरिकेच्या राज्यघटनेचे दुसरे कलम काढून वाचा. राष्ट्राध्यक्षपद तिथे उभे केले आहे, आणि ते कलम छापील चार पानांतही भरत नाही. मंत्रिमंडळ हा शब्द त्यात नाही. मंत्र्याला काढायचे कोणी, हे त्यात नाही. तह सिनेटच्या सल्ल्याने आणि संमतीने करावेत असे म्हटले आहे, पण तो सल्ला समोर बसून घ्यायचा की पत्राने, तहाच्या आधी की नंतर, याबद्दल अक्षर नाही. १७८९ च्या वसंतात राष्ट्राध्यक्षाला संबोधायचे कसे, यावरच सिनेटमध्ये तीन आठवडे खल चालला होता. 'हिज हायनेस'ने सुरू होणारी आणि 'स्वातंत्र्याचा रक्षक' अशी शेपटी असलेली पदवी सिनेटच्या समितीने सुचवली, आणि प्रतिनिधिगृह साध्या 'प्रेसिडेंट'वर अडून बसले म्हणूनच ती टळली. त्याच दिवसांत, ५ मे रोजी, वॉशिंग्टनने जेम्स मॅडिसनला लिहिले की आपल्या परिस्थितीत प्रत्येक पहिली गोष्ट पायंडा ठरणार आहे, तेव्हा हे पायंडे खऱ्या तत्त्वांवर पडावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. पायंडा हा शब्द लक्षात ठेवा. पुढे तो माझ्याच अंगावर येणार आहे.

पायंडा कसा पडतो, हे मी नेहमी २२ ऑगस्ट १७८९ च्या शनिवारवरून सांगते. दक्षिणेकडच्या क्रीक या मूळ रहिवासी लोकांशी तह करायचा होता. घटनेतला 'सल्ला' हा शब्द वॉशिंग्टनने अक्षरशः घेतला आणि युद्धमंत्री हेन्री नॉक्सला बरोबर घेऊन तो स्वतः न्यूयॉर्कमध्ये सिनेटच्या सभागृहात जाऊन बसला. उपराष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्सने कागद वाचायला घेतला, तर खिडकीखालून जाणाऱ्या घोडागाड्यांच्या खडखडाटात कोणाला काही धड ऐकू येईना. रॉबर्ट मॉरिसने उठून तो पुन्हा वाचण्याची विनंती केली. मग सात प्रश्नांवर होय की नाही असे विचारले जाऊ लागले, तेव्हा पेनसिल्व्हेनियाच्या विल्यम मॅक्लेने आधीचे तह आणि कागद वाचून दाखवा असा आग्रह धरला, आणि विषय समितीकडे पाठवण्याची सूचना आली. मॅक्लेच्या रोजनिशीत पुढचे दृश्य आहे: राष्ट्राध्यक्ष संतापून उठला आणि म्हणाला, "माझ्या इथे येण्याचा सारा हेतूच यामुळे फसतो." सोमवारी तो परत आला, उत्तरे घेतली, आणि त्यानंतर सल्ला मागण्यासाठी सिनेटच्या दारात पुन्हा कधी गेला नाही. घटनेतला 'सल्ला' त्या दोन दिवसांत जवळजवळ मावळला आणि 'संमती' तेवढी उरली. घटनादुरुस्ती झाली नाही, मतदान झाले नाही. एक अभिमानी माणूस वैतागला, एवढेच घडले.

बाकीचे पायंडे भराभर सांगते. सल्ला सिनेटकडून मिळेना, तेव्हा वॉशिंग्टन मंत्र्यांकडून लेखी मते मागवू लागला: १७९१ मध्ये राष्ट्रीय बँकेच्या विधेयकावर जेफर्सन आणि रँडॉल्फ विरोधात, हॅमिल्टन बाजूने, आणि अखेर २५ फेब्रुवारीला सही. लेखी मतांवरून बैठका सुरू झाल्या, आणि घटनेत नसलेले मंत्रिमंडळ असे घडले. १७९३ मध्ये युरोपातल्या युद्धात तटस्थ राहण्याची घोषणा त्याने काँग्रेसला न विचारता केली. त्यावरून उद्भवलेले २९ कायदेशीर प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवले, तर न्यायाधीशांनी सल्ला देण्यास नम्रपणे नकार दिला. तोही पायंडाच झाला, आणि मला तो सर्वांत आवडतो, कारण तो त्याच्या मनाविरुद्ध पडला. १७९६ च्या मार्चमध्ये प्रतिनिधिगृहाने जॉन जेने ब्रिटनशी केलेल्या तहाचे कागद मागितले, तेव्हा नकार देण्याची पाळी त्याची होती.

आणि नातेवाइकांची गोष्ट. भाचे-पुतणे, शेजारी, जुने सैनिक सगळे नोकरीसाठी दारात उभे होते. पुतण्या बुशरॉड व्हर्जिनियात सरकारी वकील होऊ पाहत होता. वॉशिंग्टनने त्याला १७८९ च्या जुलैमध्ये लिहिले की ग्रीक पुराणातल्या शंभर डोळ्यांच्या आर्गसची नजर माझ्यावर आहे, आणि मित्र-नातलगांकडे झुकल्याचा नुसता संशय येईल अशी चूकही नजरेतून सुटणार नाही. या पत्रावर भाळून मी एका दिवाळी अंकातल्या लेखात असे वाक्य लिहिले होते: "पहिल्या राष्ट्राध्यक्षाने सरकारी यंत्रणा स्वतःच्या घरच्या कामाला कधीही जुंपली नाही." वाक्य चांगले जमले होते. त्यामुळे ते प्रत्येक व्याख्यानात येऊ लागले, आणि अकरा वर्षे येत राहिले.

आता त्या संध्याकाळबद्दल. एका लहान गावातले वाचनालय, पन्नाससाठ माणसे, पंख्यांची घरघर. ते वाक्य म्हणून झाले होते आणि टाळ्याही झाल्या होत्या. प्रश्नोत्तरांत मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. कॉलेजात असावी, कारण व्याख्यानभर ती वहीत लिहीत होती. तिने विचारले, "मॅडम, ओना जज पळून गेली तेव्हा वॉशिंग्टनने काय केलं?" नाव मला माहीत होते. वॉशिंग्टनची पत्नी मार्था हिची गुलाम दासी, २१ मे १७९६ रोजी घरची मंडळी जेवायला बसलेली असताना तेव्हाच्या राजधानीतल्या, फिलाडेल्फियाच्या घरातून निघून गेली, तेव्हा साधारण बावीस वर्षांची होती. एवढे मी सांगितले. मग माझ्या तोंडून जे बाहेर पडले, ते मला शब्दशः आठवते: "पण तो त्यांच्या घरातला प्रश्न होता, राज्यकारभारातला नव्हे." मुलगी म्हणाली, "तिला पकडायला जाहिरात दिली होती ना?" मी म्हणाले, हो, घरच्या कारभाऱ्याच्या नावाने, दहा डॉलर बक्षिसाची, म्हणजे खाजगीच. ती काही क्षण उभी राहिली, वहीकडे पाहिले आणि बसली. एक ज्येष्ठ गृहस्थ माझ्या मदतीला धावले. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केली होती, हे त्यांनी सभेला आठवून दिले, जणू त्या अर्पणपत्रिकेत वॉशिंग्टनचाही वाटा होता. फुल्यांनी १८७३ मध्ये ज्यांचे आभार मानले, ते गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेले लोक होते. हे मला त्या क्षणी सांगता आले असते. मी शाल आणि नारळ घेतला.

तो प्रश्न सुटत नव्हता म्हणून, काही महिन्यांनी का होईना, मी १७९६ ची पत्रे पुन्हा काढली. ती माझ्याच कपाटात होती, हे कबूल केले पाहिजे. १ सप्टेंबर १७९६ रोजी वॉशिंग्टनने एक पत्र लिहिले आहे. ते व्हर्जिनियातल्या मुनिमाला नाही, मेहुण्याला नाही. ते ऑलिव्हर वॉलकॉटला, म्हणजे हॅमिल्टननंतरच्या अर्थमंत्र्याला आहे. ओना न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला आहे असे कळले होते. तिथल्या जकात अधिकाऱ्याला तुम्ही लिहा, तिला पकडून फिलाडेल्फियाकडे किंवा अलेक्झांड्रियाकडे निघणाऱ्या जहाजावर चढवावे, असा त्याचा आशय आहे. त्या काळी केंद्र सरकारचे बहुतेक उत्पन्न आयात जकातीतून येत असे, आणि पोर्ट्समथसारख्या बंदरातल्या माणसाला सरकार म्हणजे काय ते जकात कचेरीतच दिसे. ती यंत्रणा वॉशिंग्टनच्याच पहिल्या वर्षी उभी राहिली होती. मी तिच्यावर स्वतंत्र व्याख्यान देत असे. राष्ट्राध्यक्ष, त्याच्याखाली अर्थमंत्री, त्याच्याखाली बंदरातला अधिकारी: घटनेत नसलेली ही उतरंड किती लवकर चालू लागली, याचा याहून स्वच्छ पुरावा शोधून सापडला नसता. तिच्यावरून जे खाली उतरले, ते एका शिवणकाम करणाऱ्या मुलीला पकडण्याचे काम होते.

जोसेफ व्हिपल हा तो अधिकारी. त्याचा भाऊ स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी. त्याने नोकरी देण्याच्या निमित्ताने ओनाला गाठले, तिच्याशी बोलला, आणि तिला कोणी फूस लावलेली नाही, तिला पूर्ण स्वातंत्र्याची तहान आहे, असे वर कळवले. राष्ट्राध्यक्ष आणि त्यांची पत्नी यांच्या मृत्यूनंतर मुक्त करण्याचे वचन मिळाल्यास ती परत येईल, असेही त्याने लिहिले. २८ नोव्हेंबरला वॉशिंग्टनने त्याला उत्तर दिले: अशी तडजोड मान्य होण्यासारखी नाही, बेइमानीला बक्षीस दिल्यासारखे ते होईल, मात्र जमाव खवळेल असे काही करू नये. १७९३ मध्ये त्याने सही केलेल्या फरारी गुलामांच्या कायद्यात निदान न्यायाधीशापुढे नेऊन मालकी सिद्ध करण्याची पायरी होती. जहाजाच्या मार्गावर तीही नव्हती.

१ सप्टेंबरनंतर अठरा दिवसांनी, १९ सप्टेंबर १७९६ रोजी, त्याचे निरोपाचे निवेदन फिलाडेल्फियाच्या वृत्तपत्रात छापून आले. सत्ता सोडून घरी जाण्याचा तो पायंडा, ज्यावर माझे प्रत्येक व्याख्यान संपत असे.

माझ्यातली जुनी अभ्यासक इथे वाद घालते, आणि ती अगदीच मूर्ख नाही. ती म्हणते, एका पत्रावरून आठ वर्षे मोजू नकोस. त्या काळच्या मापाने मोज. मी ते माप लावून पाहिले. ज्या पेनसिल्व्हेनियात राष्ट्राध्यक्ष राहत होता, तिथला १७८० चा कायदा बाहेरून आलेल्या मालकाच्या गुलामांना सहा महिने राहिल्यावर मुक्तीचा हक्क देत होता, आणि वॉशिंग्टनने १७९१ मध्ये आपला चिटणीस टोबायस लिअरला लिहिले की त्यांना व्हर्जिनियाला परत पाठवण्यासाठी असे निमित्त काढा, की त्यांचीही फसगत व्हावी आणि लोकांचीही. लपवावे लागत होते, याचा अर्थ आक्षेप घेणारे त्याच काळात, त्याच गल्लीत होते. (ते घर रॉबर्ट मॉरिसचे, सिनेटमध्ये कागद पुन्हा वाचा म्हणणाऱ्याचेच.) जुनी अभ्यासक मग मृत्युपत्र पुढे करते: स्वतःच्या मालकीच्या १२३ जणांना त्याने मुक्त केले. खरे आहे. ओना त्यांच्यात नव्हती; ती मार्थाच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीतली होती आणि कायद्याने त्याला तिला मुक्त करता येत नव्हते. मग त्याने तडजोड नाकारली ती कायद्यामुळे, असे म्हणू का? पत्रात तो कायद्याचे नाव घेत नाही. बेइमानीचे घेतो.

मला सर्वांत खुपते ते हे, की पद आणि माणूस वेगळे ठेवण्याची माझी सोय माझ्याच सिद्धांताने काढून घेतली. पहिल्या आठ वर्षांत त्या पदावरचा माणूस जे करील तेच पद होते, हे मी शिकवत आले. सिनेटच्या दारात तो रागावला, तर तो राग राज्यकारभाराचा भाग धरला. मग जकात कचेरीला पाठवलेले पत्र तेवढे घरगुती कसे? उलट, ते पायंडा ठरले असे म्हणावे, तर कोणत्या पुढच्या राष्ट्राध्यक्षाने त्याचा आधार घेतला, हे मला दाखवता येत नाही. ते दडून राहिले. दडून राहिलेल्या गोष्टीचा पायंडा पडतो का, यावर माझे मत दर काही दिवसांनी बदलते.

ओना जज परत गेली नाही. १७९९ मध्ये पुन्हा माणूस पाठवला गेला, तिला आधीच सूचना मिळाली, ती निसटली. ती १८४८ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये वारली, कायद्याच्या लेखी शेवटपर्यंत गुलाम. म्हातारपणी तिला विचारले होते की वॉशिंग्टनचे घर सोडून इतके कष्ट उपसावे लागले याचा पस्तावा होतो का. ती नाही म्हणाली. मी स्वतंत्र आहे, म्हणाली.

ते वाक्य मी व्याख्यानातून काढले आहे. दिवाळी अंकातून ते काढता येत नाही. त्या मुलीचे नाव मी विचारले नव्हते. वाचनालयात चौकशी केली, पण मागच्या बाकावर कोण होते हे कोणाच्या लक्षात नव्हते. तिच्या वहीत माझे उत्तर लिहिलेले असेल, बहुधा माझ्या नावासकट.