मणक्याची गादी, ओलं जाळं आणि पहाट

ऑगस्टचा तिसरा आठवडा, पहाटे पाचला दहा कमी. गोव्यात मोरजीला शापोरा नदीच्या काठावर पाऊस नुकताच उघडला होता. काका होडीपाशी ताठ उभे होते आणि पुतण्या पेट्रोलचा कॅन होडीत चढवत होता. २० लिटरचा कॅन, म्हणजे साधारण १५ किलो. आदल्या आठवड्यापर्यंत याच कॅनवरून आमची हुज्जत चालली होती. "एवढो कॅन उचलूक माका माणूस कित्याक जाय, बाय?" (एवढा कॅन उचलायला मला माणूस कशाला हवा?) आज ते काही बोलले नाहीत. तीन महिन्यांनी पहिल्यांदा जाळं टाकायला निघाले होते, तेही समुद्रात नाही, नदीतच. त्यांची फिजिओथेरपिस्ट म्हणून मी होडीत बसणार होते. दवाखान्यातल्या टेबलावर दिसत नाही ते बघायचं होतं.

मेच्या मध्यावर, पावसाआधी होडी वर ओढताना त्यांची कंबर धरली. दुसऱ्या दिवशी कळ डाव्या कुल्ल्यातून पोटरीच्या बाहेरच्या अंगाने पावलाच्या पाठीवर, अगदी अंगठ्यापर्यंत उतरली. म्हापशाला माझ्याकडे आले तेव्हा डाव्या पायाचा अंगठा मी खाली दाबला, तर त्यांना तो वर धरून ठेवता येत नव्हता. टाचांवर चालायला सांगितलं की डावा चवडा खाली पडायचा. कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून पायात उतरणारी एल-५ ही नस दाबली गेली की नेमकं हेच दिसतं, आणि एमआरआयमध्येही तेच निघालं. ताकद कमी झालेली असेल तर आधी सर्जनचं मत घ्यायचं, मग व्यायाम. सर्जननी तपासलं. ताकद थोडी कमी होती, पण आणखी घटत नव्हती, म्हणून ऑपरेशन न करता वाट बघायचं ठरलं. गादी सरकून पायात उतरलेलं दुखणं बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय ओसरतं.

त्याच दिवशी काकींना मी वेगळं बसवून सांगितलं होतं: लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचाच्या जागेभोवती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, दोन्ही पाय लुळे वाटले किंवा चवडा एकदम जास्त खाली पडायला लागला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट मोठ्या हॉस्पिटलात जायचं. सकाळची वाट बघायची नाही. असं प्रत्येकाच्या घरच्यांना सांगते, कारण दुखणारा माणूस या गोष्टी लाजेने बोलत नाही.

दुखापत मे महिन्यात झाली हे त्यातल्या त्यात बरं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, ६१ दिवस, आणि दर्या तसाही खवळलेला. हेच सप्टेंबरात झालं असतं तर किनाऱ्यावर बांगडा लागलेला असताना या माणसाला घरी ठेवणं कठीण होतं. अशा वेळी दुखणं थांबवायचं इंजेक्शन घेऊन दर्यात जाणारे मी पाहिले आहेत. इंजेक्शनने कळ थांबते, गादी होती तिथेच राहते, आणि मग थांबायची खूण सांगायला कळही उरत नाही.

पहिले दोन दिवस सोडले तर काकांना अंथरुणात पडू दिलं नाही. दहा-दहा मिनिटं चालणं, दिवसातून पाच-सहा वेळा. पालथं झोपून कोपरांवर उठणं, पुढे तळव्यांवर. हे करताना कळ पावलातून पोटरीत, पोटरीतून कुल्ल्यात, कुल्ल्यातून कंबरेत अशी वर सरकत गेली. कंबर जास्त दुखली तरी चालेल, पाय रिकामा होतोय ना, हे त्यांना पटायला आठवडा लागला. चौथ्या आठवड्यापासून हातापायांवर ओणवं राहून उजवा हात आणि डावा पाय एकाच वेळी लांब करणं, मग उलट, प्रत्येक वेळी दहा सेकंद. एका कुशीवर कोपर टेकून कंबर उचलून धरणं.

सातव्या आठवड्यापासून जाळ्याची तयारी. पोत्यात वाळू भरून त्याला दोरी बांधली, दोरीत मासळी तोलायचा हुकाचा काटा अडकवला आणि अंगणात पोतं ओढायला लावलं. काटा आठ किलो दाखवेल इथपासून सुरुवात, दर आठवड्याला दोन-अडीच किलो वाढ, १८ वर थांबलो. एक पाऊल पुढे, एक मागे, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, दोरी बेंबीच्या उंचीवर. वजन पुढच्या पायावरून मागच्या पायावर न्यायचं. ओढतं ते शरीराचं वजन, कंबर फक्त ताठ राहते. हात वीतभरच पुढे टाकायचा. लांब हात टाकला की पाठ वाकलीच. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या वजन उचलण्याच्या सूत्रात सगळं अनुकूल असतानाही २३ किलो ही वरची मर्यादा आहे. वजन अंगापासून लांब गेलं किंवा वळून उचलावं लागलं की ती झपाट्याने खाली येते. मासळीने भरलेला क्रेट ३० किलोच्या आसपास भरतो. म्हणून तो दोघांनीच उचलायचा, कायमचं.

माझी खरी काळजी मात्र वजनाची नव्हती, वेळेची होती. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो तो यामुळेच. फुगलेली गादी वाकताना जास्त ताणली जाते. ती वाढलेली उंची निम्म्याहून जास्त उठल्यावर पहिल्या तासातच उतरते. स्नूक आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या लोकांना सकाळी उठल्यावर वाकणं टाळायला शिकवलं, तर त्यांचं दुखणं कमी झालं. ऑफिसात जाणाऱ्याला हे जमतं. मासे मारणारा साडेचारला उठतो, पाचला ओणवा होऊन होडी ढकलतो आणि साडेपाचला जाळं ओढतो. म्हणजे गादी सगळ्यात जास्त फुगलेली असते नेमकी त्याच वेळी तिच्यावर सगळ्यात मोठा भार.

म्हणून सगळा दिवस उलटीकडून मांडला. अष्टमीचा दुसरा दिवस निवडला, कारण भांगेचं, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांतलं पाणी संथ असतं. उधाणात नदीची ओढच जाळ्याला जास्त जड करते. पाणी साडेसहाच्या सुमारास थांबणार होतं, जाळं तेव्हाच ओढायचं. काका साडेतीनला उठले. दात घासताना वाकायचं नाही, चूळ बादलीत नाही तर मोरीत उभ्यानेच टाकायची, चहा उभ्याने प्यायचा, अंगणात फेऱ्या मारायच्या. इंजिन आदल्या संध्याकाळीच होडीला बसवून ठेवलं होतं. छोट्या होडीचं इंजिनसुद्धा ३० ते ४० किलोचं असतं आणि ते होडीच्या मागच्या कडेवरून लांब हाताने बसवावं लागतं. त्याला काकांनी हात लावायचा नव्हता. होडीखाली लाकडी ओंडके टाकले, पुतण्या आणि शेजारचा मुलगा यांनी ढकलली. काका कडेला पाठ टेकवून, गुडघे वाकवून, पायांनी रेटा देत होते. पाठीने ढकलणं हे वाकून हातांनी ढकलण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित.

इंजिन पुतण्याने चालवलं. चालवणारा मागे बसतो आणि एक हात पाठीमागे ठेवून तासभर कंबर पिळून राहतो. पुढे काका स्वतः चालवतील तेव्हासाठी इंजिनाच्या दांड्याला हातभर पीव्हीसी पाइप जोडून घ्यायला सांगितलं आहे, म्हणजे सरळ बसता येतं. काका मधल्या फळीवर बसले, अंगात लाइफ जॅकेट. होडीचं नाक सगळ्यात जास्त आपटतं, तिथे बसायचं नाही. नदीच्या मुखाशी वाळूच्या बांधावर लाट फुटत होती, तिचा आवाज येत होता. तिकडे अजून महिनाभर जायचं नाही हे ठरलं होतं.

साडेसहाला जाळं ओढायला घेतलं. पुतण्या खालच्या शिशाच्या दोरीवर, काका वरच्या बोयांच्या दोरीवर. पाऊल पुढे, वजन मागे, वीतभर हात. अगदी अंगणात शिकल्यासारखं. अर्धं जाळं आलं आणि अडकलं. तळाला खारफुटीचं बुडालेलं खोड असणार. त्या क्षणी तीस वर्षांची सवय जागी झाली. काका कडेवरून ओणवे झाले, दोन्ही हातांनी दोरी धरली आणि डावीकडे हिसडा दिला.

"बाय, कळ इली."

कुठे? कुल्ल्यात. गुडघ्याखाली? नाही. पावलात मुंग्या? नाही. दोरीला मोकळा बोया बांधून सोडून दिली आणि होडी काठाला लावली. वाळूवर पाय रोवून, हात कंबरेवर ठेवून, मागे झुकायचं आणि परत सरळ व्हायचं, दहा वेळा. सातव्या वेळेला कळ कुल्ल्यातून कंबरेत आली, दहाव्याला नुसता ताठरपणा उरला. ती खाली पोटरीत उतरली असती तर तो दिवस तिथेच संपला असता. वर आली, म्हणून काम चालू ठेवता येणार होतं, पण जाळं सोडवायचं होडीने. दोरी पुढच्या खुंट्याला बांधली, इंजिनाने पलीकडून, उलट दिशेने हळूहळू ओढ दिली. हातभर जाळं फाटलं आणि सुटलं. जाळं विणता येतं, हे मी तेव्हा मोठ्याने बोलले, कारण काकांचा जीव त्या फाटलेल्या भागात अडकला होता.

पण त्या दिवशीची सगळ्यात मोठी चूक माझी झाली. जाळं काठावर आलं, मी वहीत नोंदी करत बसले. मान वर केली तेव्हा काका वाळूवर पाय लांब करून, पाठीची कमान करून शेवटे मासे आणि कुर्ल्या, म्हणजे खेकडे, सोडवत होते. वीस मिनिटं झाली होती. कुर्ली जाळ्यात पाय गुंतवते तेव्हा एकेक पाय बोटांनी सोडवावा लागतो, आणि नजर जवळ न्यावी लागते म्हणून माणूस आणखी वाकतो. अंगणात ओढणं शिकवलं, उचलणं शिकवलं, आणि दिवसातलं सगळ्यात लांबलेलं काम माझ्या यादीतच नव्हतं. वीस मिनिटं वाकून बसल्यावर पाठीचे अस्थिबंध ताणून सैल होतात, पूर्ववत व्हायला अर्धा तासही लागतो. तेवढ्यात उठून क्रेट उचलला तर पाठीला आधारच नसतो. मे महिन्यातही असंच झालं होतं का, असं विचारलं. ते आठवू लागले. सकाळभर बसून जाळं दुरुस्त केलं होतं आणि उठून लगेच होडीला हात लावला होता.

निळा प्लास्टिकचा ड्रम उपडा केला, त्यावर फळी टाकली, कंबरेच्या उंचीची. दोन मेढींवर आडवा बांबू ठेवून जाळं त्यावर टाकलं. उभ्याने काम, एक पाय दगडावर, दर वीस मिनिटांनी पाय बदलायचा आणि दहा पावलं चालून यायचं. क्रेट उचलण्याआधी दोन-तीन मिनिटं नुसतं चालायचं.

निघताना ओल्या वाळूत टाचांवर चालायला सांगितलं. दहा पावलं उजवीकडची, दहा डावीकडची. दोन्हींकडे नुसते गोल खळगे होते. डावीकडच्या शेवटच्या दोन खळग्यांच्या पुढे चवड्याचा पुसट ओरखडा होता. मेमध्ये तो पहिल्याच पावलाला पडला असता.

दुसऱ्या दिवशी साडेसातला फोन केला. दुखणं चोवीस तासांनी कसं आहे यावरच पुढचं ठरतं. आंघोळीपर्यंत कंबर ताठ होती, पाय मोकळा. मग परवा पुन्हा जाळं, पाणी थांबल्यावरच. आणि पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं? पाग फेकताना शिसं लावलेलं ओलं जाळं खांद्यावरून घेऊन अख्खी कंबर वेगाने फिरवावी लागते. तो दिवाळीपर्यंत खुंटीलाच राहील, असं सांगितलं. तोवर गरी घेऊन काठावर उभं राहायला हरकत नाही.

"बरां," एवढंच म्हणाले, आणि ड्रमवरची फळी आणखी चार बोटं वर घेऊ का, ते विचारलं.