पहिला नंबर क्वार्टरबॅकलाच का?

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग, आणि तिच्या ड्राफ्टमध्ये संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात. या ड्राफ्टची पहिली फेरी आपल्या मुंबईत शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते; वाद मात्र महिनाभर आधीच पेटतो. क्वार्टरबॅक म्हणजे पास टाकणारा, आक्रमणाचा सूत्रधार. कॉलेजात धडाधड टचडाउन (प्रतिस्पर्ध्याच्या एंड झोनमध्ये चेंडू पोचवून मिळणारे गुण) मारले म्हणून पोरगा पहिला? आकडे ठेवा बाजूला, थर्ड डाउन, म्हणजे दहा यार्डांसाठीच्या चारपैकी तिसरा प्रयत्न, बघा. चार-पाच जण अंगावर येताना पाय स्थिर राहतात का? पहिला रिसीव्हर (पास झेलणारा) अडला की नजर दुसऱ्याकडे वळते, की गडी लगेच पळत सुटतो? स्क्रीन पासवरचे (जवळच टाकलेल्या छोट्या पासवरचे) यार्ड तर सरळ वजा करा, ती कमाई रिसीव्हरच्या पायांची.

पैशाची भीती आता तेवढी नाही. २०१० मध्ये पहिल्या नंबरच्या क्वार्टरबॅकला, सॅम ब्रॅडफर्डला, ५ कोटी डॉलरची हमी होती. नवख्यांच्या पगाराला लगाम घालणाऱ्या नव्या नियमांमुळे २०११ च्या पहिल्या नंबरला, क्वार्टरबॅक कॅम न्यूटनला, जेमतेम २.२ कोटी. खरा फटका पहिला नंबर मिळवायला दुसऱ्या संघाशी केलेल्या अदलाबदलीत बसतो. २०२३ मध्ये क्वार्टरबॅक ब्राइस यंगसाठी पँथर्स संघाने बेअर्स संघाला ९ वा आणि ६१ वा पिक (निवडीची पाळी), २०२४ चा पहिल्या फेरीचा, २०२५ चा दुसऱ्या फेरीचा आणि वर रिसीव्हर डी. जे. मूरही दिला. म्हणजे यंग कोणाकडे बघून पास टाकणार? शिवाय २०२४ चा तो पिक नेमका पहिला निघाला, त्यावर बेअर्सनी क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स उचलला. हातात पहिला नंबर आयताच असेल तर खुशाल घ्या. एवढं मोजून तर अजिबात नाही.