खंडेनवमी आणि आपले सुतारकामाचे सर

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून पाठवा, असं पत्र आलं आणि मन थेट वर्कशॉपच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसलं. मी १९८४ च्या दहावीच्या तुकडीतला. स्नेहसंमेलनं, सहली, तालुक्याला जिंकलेली कबड्डी यांवर माझे वर्गमित्र लिहितीलच. मी सुतारकामाच्या सरांवर लिहिणार आहे. त्यांचं नाव द्यायची गरज नाही. आपल्या शाळेत ‘रंध्यावाले सर’ म्हटलं की एकच माणूस.

दसऱ्याआधी वर्गावर्गांतून पाटीपूजन व्हायचं. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, झेंडूचं फूल वाहायचं, खोबरं-खडीसाखर घ्यायची आणि घरी पळायचं. आमची खंडेनवमी मात्र दोन-तीन दिवस आधीच सुरू व्हायची. फडताळातल्या करवती, रंधे, पटाश्या, गिरमिटं, कानशी सगळं बाहेर निघायचं. रॉकेलचा बोळा आणि विटकरीची पूड घेऊन गंज घासायचा. मग धार. सर कागद उभा धरून त्यावरून पटाशी ओढायचे. कागद सरळ चिरला तर पटाशी पास, फाटला तर पुन्हा दगडावर. धार नसलेल्या हत्याराला ते हळद-कुंकू लावू देत नसत. बोथट पटाशीला जोर जास्त लागतो, ती सटकते आणि लाकूड धरलेल्या हातात घुसते, हे त्यांनी आम्हाला पूजेच्या निमित्तानेच शिकवलं. “आधी धार, मग हार,” म्हणायचे.

आठवीच्या वर्षी त्यांनी सांगितलं, “तुमच्या घरची चूल ज्या हत्यारावर पेटते, ते उद्या आणा.” दुसऱ्या दिवशी चौरंगावर जागा पुरेना. खुरपी आली, विळे आले, कुणाच्या वडिलांची रापी आली, शिंप्याच्या मुलाने मोठी कातर आणली, एकाने दुकानातला तराजू आणला. सरांनी शिपाईमामांना बोलावून घंटेचा टोला मागून घेतला आणि सगळ्यांच्या पुढे ठेवला. “हा वाजला नाही तर शाळा भरेल का?” एवढंच म्हणाले. मामांनी टोपी सारखी केली आणि तिथेच उभे राहिले. त्यांना कुणी पूजेला बोलावल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

माझे वडील गवंडी. मी थापी आणि ओळंबा आणला होता. थापीच्या दांड्यावर सिमेंटची पुटं, ओळंब्याची दोरी तेलकट. पितळी समया आणि घासूनपुसून लख्ख केलेल्या रंध्यांच्या रांगेत ते ठेवायला माझा हात पुढे होईना. सरांनी ओळंबा माझ्याकडून घेतला, स्वतःच्या धोतराच्या सोग्याने पुसला आणि सगळ्या वर्गाला घेऊन बाहेर आले. प्रयोगशाळेची मागची भिंत तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तिथे त्यांनी दोरी धरली आणि गोळा स्थिर होईपर्यंत आम्हाला श्वाससुद्धा मोठ्याने घेऊ दिला नाही. वरपासून खालपर्यंत दोरी आणि भिंत यांतलं अंतर सारखं, म्हणजे भिंत अगदी सरळ उभी. “ही भिंत ह्याच्या वडिलांनी बांधली. याच ओळंब्याने,” सर म्हणाले. मला हे ठाऊक नव्हतं. वडील घरी कधी बोलले नव्हते. सरांनी मात्र बांधकाम चालू असताना त्यांच्याशी बोलून, त्यांचं नाव-गाव विचारून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन वडिलांच्या पाया पडलो.

दसऱ्याला आम्ही आपट्याची पानं घेऊन सरांच्या घरी जायचो. फांद्या ओरबाडून आणलेल्या त्यांना खपत नसत. “एक पान पुरे,” म्हणायचे आणि दरवर्षी कौत्साची तीच गोष्ट सांगायचे. वरतंतू ऋषींनी चौदा विद्यांचे चौदा कोटी मागितले, कुबेराने आपट्यावर सोन्याचा पाऊस पाडला, आणि कौत्साने गुरूला द्यायचं तेवढंच उचललं. बाजारात आपटा म्हणून कांचनाची मोठी, पातळ पानं विकतात, आणि खऱ्या आपट्याचं पान लहान, जाड, रुंदीला जास्त असतं, हेही त्यांनीच दाखवलं.

दहावीनंतर औंधच्या आयटीआयमध्ये टर्नर झालो. बरीच वर्षं नोकरी केली आणि मग भोसरी एमआयडीसीत स्वतःचा छोटा कारखाना काढला. आज जिग आणि फिक्श्चर, म्हणजे काम चालू असताना सुटा भाग नेमक्या जागी धरून ठेवणारी साधनं, करतो, पंचवीस घरं त्यावर चालतात. खंडेनवमीला आमच्याकडे आदल्या दिवशी मशिनं बंद ठेवून बेडखालचा बुरा काढतात, स्लाइडवे पुसून तेल देतात, मायक्रोमीटर आणि डायल तपासून घेतात. हार त्यानंतर. एका वर्षी सर आले होते. वय झालेलं, हातात काठी. त्यांनी लेथच्या बेडखाली, कुणाचं लक्ष जात नाही तिथे, बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मला मिळालेल्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा तो हात मोठा आहे.

सर आता नाहीत, आणि वर्कशॉपही नाही. त्या खोलीत संगणक आहेत असं ऐकलं. संगणक हवेतच, माझंही सगळं ड्रॉइंग त्यावरच होतं. पण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना ड्रॉइंग वाचता येतं आणि कानस धरता येत नाही, तेव्हा जीव तुटतो. ती मुलं हुशार आहेत. त्यांच्या हातात कुणी काही दिलंच नाही.

म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. एक खोली द्या, लहान चालेल. चार बेंच, व्हाइस आणि आठवीच्या एका तुकडीला पुरतील एवढी हत्यारं मी देतो. महिन्यातून दोन शनिवार शिकवायला स्वतः येईन. खंडेनवमीच्या आधी कळवलंत तर बरं होईल, हत्यारांना धार लावून आणायला थोडा वेळ लागतो.